अर्जात विषयाचा रकाना नाही

आमच्या सोसायटीत बेचाळीस सदनिका आहेत आणि एकतीस मुलं परदेशी आहेत. कोथरूडच्या मानाने हे प्रमाण बरं समजलं जातं. शेजारच्या सोसायटीचा आकडा आमच्याहून मोठा आहे, परंतु त्यांनी त्यात जावई धरले आहेत. जावई धरावेत की नाही, याबाबत आमचा त्यांच्याशी तात्त्विक मतभेद आहे.

एवढा मोठा कारभार ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडणं योग्य नव्हे, म्हणून सात वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत, टाकीची गळती आणि पार्किंग या दोन विषयांच्या मधल्या वेळात, 'परदेश शिक्षण मार्गदर्शन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष आप्पासाहेब, बँकेतून निवृत्त, मुलगा न्यू जर्सीत. सदस्य सरोजिनीबाई, शाळेतून निवृत्त, मुलगी मेलबर्नला. चिटणीस मी, श्यामसुंदर देवस्थळी; सरकारी खात्यात हेडक्लार्क होतो, मुलगा आमोद टोरांटोत. चौथे सदस्य बाबुराव होते. परंतु त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी तिकडची नोकरी सोडून पुण्याला परत आली आणि नियम चारप्रमाणे 'पाल्य भारतात परतल्यास सदस्यत्व आपोआप संपुष्टात येते.' आम्ही तिघं सांत्वनाला गेलो. बाबुराव म्हणाले, "अहो, मुलगी घरी आली. आनंदात आहे मी." धक्का बसला की माणूस असं काहीबाही बोलतो. ती जागा अजून रिकामीच आहे.

समितीची बैठक क्लब हाऊसमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलाभोवती होते. भिंतीवर जगाचा नकाशा आहे आणि त्यात एकतीस टाचण्या. पुण्याच्या जागी लाल गोल काढून सरोजिनीबाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे, 'आपण येथे आहात'. त्या गोलाकडे सहसा कुणी बघत नाही.

गेल्या नोव्हेंबरात रंगनाथ गव्हाणे समितीपुढे आले. हे मूळचे परभणीकडचे. मार्केट यार्डात मसाल्याच्या पदार्थांचा घाऊक व्यापार करतात. आमच्याकडे राहायला येऊन आठ वर्षं झाली, तरी लिफ्टमध्ये अजून आम्हाला आधी जाऊ देतात. मुलगी अपूर्वा वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेली, तीही बरोबर होती.

"साहेब, आम्हाला ह्यातलं काही कळत नाही," रंगनाथ म्हणाले. "तुम्ही शिकलेली माणसं. पोरगी म्हणायली, लाइफ सायन्सची पुढची डिग्री बाहेर करायची. कोणती युनिव्हर्सिटी धरावी तेवढं बघा. एकुलती एक आहे, अन् हे एकदाच होणार. चुकलं तर परत करणं व्हायचं नाही."

माणसाला आपली पायरी कळत असली की मदत करायला बरं वाटतं. मी अर्ज पुढे केला.

अर्ज बावीस रकान्यांचा आहे आणि तो मी स्वतः तयार केला आहे. 'आहार (येथे / तेथे)', 'बर्फाचा पूर्वानुभव', 'विवाहाबाबत घरच्यांचे धोरण', 'मेतकूट वर्षाला अंदाजे किती' असं सर्व त्यात येतं. अपूर्वाने दहा मिनिटांत तो भरला, उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"काका, काय शिकायचंय ते कुठे लिहू?"

मीही अर्ज उलटून पाहिला. सात वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"तसा रकाना नाही," मी म्हणालो. "वेगळ्या कागदावर लिहून जोडलंस तर चालेल. नाही जोडलंस तरी चालेल."

तिने जोडलं. दोन कागद, पाठपोट. त्यात असं होतं की, तिच्या वडिलांच्या गाळ्यावर ती लहानपणापासून दगडफुलाची पोती बघत आलेली. दगडफूल म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात पडतं तेच. झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढणारे करडे पापुद्रे. ती सहावीत होती तेव्हा पोत्यात तळहाताएवढे तुकडे यायचे. आता येतो तो चुरा. यार्डात विचारलं तर 'आवक कमी आहे' म्हणतात. ती का कमी आहे, हे तिला शोधायचं होतं. कारण दगडफुलाला हवेतली घाण सोसत नाही, आणि ते जिथून नाहीसं होतं तिथल्या हवेबद्दल काहीतरी सांगून जातं. शहरातल्या रस्त्यांवरची शेकडो झाडं तिने भिंग लावून तपासली होती. स्कॉटलंडमध्ये ग्लेनवॅरी नावाच्या लहानशा विद्यापीठात एक प्राध्यापिका तीस वर्षं याच एका गोष्टीवर काम करते. म्हणून विद्यापीठांच्या यादीत अपूर्वाने एकच नाव लिहिलं होतं.

"दगडफूल?" आप्पासाहेब म्हणाले. "त्यासाठी स्कॉटलंडला कशाला जायला हवं? वाण्याकडे मिळतं."

"मिळेनासं होतंय, काका. तोच तर प्रश्न आहे."

"प्रश्न विद्यापीठाचा आहे," सरोजिनीबाईंनी शाळेतल्या आवाजात सांगितलं. "विषयांतर नको."

विद्यापीठ निवडण्याची समितीची पद्धत शास्त्रीय आहे. पहिली कसोटी, सोसायटीतलं कुणी तिथून दोन तासांच्या अंतरावर राहतं का. दुसरी आणि निर्णायक कसोटी नावाची. विद्यापीठ शेवटी चार लोकांत उच्चारण्यासाठी असतं. लग्नाच्या हॉलमध्ये, हातात मठ्ठ्याचा पेला असताना, 'मुलगी कुठे असते?' असं कुणी विचारलं, तर एका शब्दात उत्तर देता आलं पाहिजे आणि समोरच्याला दुसरा प्रश्न सुचता कामा नये. दुसरा प्रश्न आला, की विद्यापीठ नापास.

अंदाजपंचे बोलणं आम्हाला मान्य नाही, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही म्हातोबा टेकडीवर प्रत्यक्ष चाचणी घेतली. फिरायला येणाऱ्या पन्नास सुशिक्षित नागरिकांना थांबवून प्रत्येकी पाच नावं ऐकवली. 'अरे वा!' म्हटल्यास दोन गुण, 'हो का' ला एक, 'कुठे आलं ते?' म्हटल्यास उणे एक. ग्लेनवॅरीला एकोणपन्नास जणांनी 'कुठे आलं ते?' विचारलं. एक गृहस्थ 'तिकडे पाऊस फार' असं म्हणाले. त्यांना शून्य दिलं. एकूण उणे एकोणपन्नास. समितीच्या इतिहासात एवढे कमी गुण कुणाला पडले नव्हते.

पहिला क्रमांक सेंट ऑल्ड्रिक विद्यापीठाचा आला. शंभरपैकी शहाण्णव. नावात 'सेंट' असल्याने निम्मं काम झालंच होतं. एका निवृत्त कर्नलसाहेबांनी तर 'माझा पुतण्या तिथलाच' असं सांगितलं. नंतर चौकशी केली तेव्हा तो दुसऱ्याच कुठल्या सेंटचा निघाला, पण गुण एकदा दिले की काढून घेता येत नाहीत.

अपूर्वाही टेकडीवर आली होती. नाव पुकारायच्या वेळी ती जागेवर नसायची. टेकडीच्या मागच्या उतारावर एका झाडाला नाक लावून उभी असायची. मी बोलवायला गेलो तर मला म्हणाली, "काका, हे बघा. रस्त्याकडच्या बाजूला एकही पापुद्रा नाही, आणि इकडे आहेत. नखाएवढे, पण आहेत."

"छान," मी म्हणालो. "चल, फॉर्मवर सही राहिली आहे."

उतरताना तिने सहज विचारलं, "आमोददादा टोरांटोत नेमकं काय करतो हो?"

"डेटामध्ये आहे."

"कसल्या डेटामध्ये?"

मी तिला सांगितलं, की सकाळचा वारा बाधतो, कानाला काहीतरी बांधत जा.

पुढच्या बैठकीत सेंट ऑल्ड्रिकचं माहितीपत्रक उघडलं, तेव्हा एक किरकोळ अडचण लक्षात आली. तिथे वनस्पतिशास्त्र नव्हतं. प्राणिशास्त्रही नव्हतं. 'लाइफ सायन्स मॅनेजमेंट' नावाचा अभ्यासक्रम होता आणि त्यात औषधांच्या कंपन्यांची दुकानदारी शिकवत होते.

"लाइफ आहे, सायन्स आहे, शिवाय मॅनेजमेंट," आप्पासाहेबांनी बोटांवर मोजून दाखवलं. "तिकडे दोनच गोष्टी मिळत होत्या. इथे तीन मिळतायत."

रंगनाथ इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसून होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, एक विचारू का? यार्डात आम्ही पोत्यावरचं नाव बघून माल घेत नाही. पोतं उघडतो, आत कोपरापर्यंत हात घालतो, तळातला मूठभर काढून बघतो. तसं काही ह्याच्यात करता येत नसतं का?"

"रंगनाथराव, शिक्षण म्हणजे धणे नव्हेत," सरोजिनीबाई म्हणाल्या.

रंगनाथ ओशाळले. "बराबर आहे," म्हणाले. अपूर्वा वडिलांकडे बघत राहिली. मला त्या मुलीचा तेव्हा थोडा राग आला, कारण ती आमच्याकडे रागाने बघत नव्हती. नुसती बघत होती.

यानंतर निबंध. परदेशी विद्यापीठाला आपण का येऊ इच्छितो हे लिहून द्यावं लागतं. अपूर्वाने स्वतःचा निबंध आणला होता. त्याचं पहिलंच वाक्य 'माझे वडील दगडफूल विकतात' असं होतं. समितीने वडील काढले, कारण त्यात दुकान दिसत होतं. मग दगडफूल काढलं, कारण त्यात स्वयंपाकघर दिसत होतं. उरलं 'विकतात', ते शोभेना. म्हणून सोसायटीचा प्रमाणित निबंध द्यायचं ठरलं.

प्रमाणित निबंधात उमेदवार लहानपणी आजोबांचा जुना रेडिओ खोलतो, आतल्या भागांकडे विस्मयाने पाहतो आणि त्याच्या मनात ज्ञानाची ज्योत पेटते. एकतीस मुलं याच निबंधावर गेलेली आहेत. इंजिनिअर गेले, आर्किटेक्ट गेली, आहारशास्त्राची एक मुलगी गेली. सर्वांनी रेडिओ खोललेला आहे. फक्त शेवटच्या ओळीत नाव आणि विद्यापीठ बदलायचं असतं.

शिफारसपत्राची कामगिरीही सुरळीत पार पडली. कॉलेजच्या विभागप्रमुखांनी प्रथेप्रमाणे 'तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो' असं कळवलं. आप्पासाहेबांनी लिहिलं, की ही विद्यार्थिनी वर्गातल्या पहिल्या एक टक्क्यात आहे. वर्गात बारा मुलं होती. बारांतला एक टक्का म्हणजे अपूर्वाचे साधारण खांद्यापासूनचे दोन हात होतात. पण सरांनी न वाचता सही केली, त्यामुळे तो मुद्दा निघाला नाही.

पंधरा जानेवारी ही सेंट ऑल्ड्रिकची शेवटची तारीख. आदल्या संध्याकाळी अंतिम बैठक ठेवली. रंगनाथांनी फक्त पालकाच्या जागी सही करायची होती. सरोजिनीबाईंनी पेढे आणून ठेवले होते, आणि मी बत्तिसावी टाचणी हातात घेऊन बसलो होतो. अपूर्वा आली ती एक छापील कागद घेऊन.

"मी माझे ते दोन कागद ग्लेनवॅरीच्या बाईंना पाठवले होते," ती म्हणाली. "जसेच्या तसे. त्यांचं उत्तर आलंय."

"समितीला न विचारता?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"हो."

त्या बाईंनी लिहिलं होतं, की दगडफुलाचा प्रश्न फार चांगला आहे. परंतु सह्याद्रीतल्या दगडफुलाचे जुने नमुने बघितल्याशिवाय तो सुटायचा नाही, आणि ते नमुने स्कॉटलंडमध्ये नाहीत. ते पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत, डॉ. चैताली रणपिसे यांच्या कपाटांत आहेत. 'मला इकडच्या जाती ओळखायला अडचण आली की मी त्यांना पत्र लिहिते. तू आधी दोन वर्षं त्यांच्याकडे काम कर, आम्ही दोघी मिळून तुला मार्गदर्शन करू. मग इकडे ये. तुझी जागा मी धरून ठेवते.'

"ही संस्था कुठे आहे?" मी विचारलं.

"टेकडीपलीकडे. स्कूटरवरून वीस मिनिटं. मी काल जाऊन आले. चैतालीमॅडमनी साठ वर्षांपूर्वीचं पाकीट उघडून दाखवलं, आपल्या टेकडीवरचं. एवढं होतं, काका." तिने तळहात उघडून दाखवला. "मला सोमवारपासून ये म्हणाल्यात."

घरात वाईट बातमी आली की टीव्हीचा आवाज आधी कुणी कमी करायचा असं जे होतं, तसं आमचं झालं.

"या चैतालीबाईंची मुलं कुठे असतात?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"मी नाही विचारलं."

"मग संदर्भ काहीच नाही," आप्पासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले. मी तसं टिपून घेतलं.

सरोजिनीबाई मायेने म्हणाल्या, "बाळ, पुणे हे समितीच्या कार्यकक्षेत येत नाही. पुणे परदेश नव्हे."

"पण टाचणी तर लावता येईल ना? त्या लाल गोलात?"

"तिथे एक लावली तर सगळ्यांचीच लावावी लागेल," मी म्हणालो. नियम म्हणजे नियम. बाबुरावांच्या मुलीची टाचणी मी स्वतः काढली होती. तिचं भोक अजून दिसतं.

आप्पासाहेबांनी रंगनाथांपुढे सेंट ऑल्ड्रिकचा अर्ज सरकवला. "रंगनाथराव, मुलं हट्ट करतात. पालकांनी खंबीर राहायचं असतं. उद्या लोक विचारतील, मुलगी कुठे असते? काय सांगणार? टेकडीपलीकडे?"

रंगनाथांनी पेन घेतलं. टोपण काढलं. मुलीकडे त्यांनी बघितलं नाही. एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे 'नाही' म्हणणं त्यांना जड जात होतं, हे दिसत होतं. सहीच्या जागी पेन टेकवलं आणि थांबले.

"अपूर्वा, तुझ्या नावानं काय लिहिलंय ह्याच्यात, ते एकदा मराठीत वाच बरं."

तिने निबंध वाचायला घेतला. "लहानपणी आजोबांचा जुना रेडिओ खोलताना माझ्या मनात..."

"आपल्याकडं रेडिओ होता का गं?"

"नव्हता."

"अन् आजोबा?"

"ते मी व्हायच्या आधीच गेले ना, बाबा."

रंगनाथांनी टोपण लावलं. पेन आप्पासाहेबांना परत दिलं, दोन्ही हातांनी, आदराने. "साहेब, रागावू नका. हे दुसऱ्याचं पोतं आहे. वरून नुसतं आमचं नाव लिहिलंय. गाळ्यावर असला माल आला तर मी उतरूनसुद्धा घेत नाही. ही तर पोरगी आहे."

मग ते उठले. अपूर्वाही उठली. दारातून बाहेर पडताना त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या आधी लिफ्टमध्ये शिरले.

'सदर प्रकरण उमेदवाराच्या असहकारामुळे दप्तरी दाखल करण्यात येत आहे,' असा ठराव झाला. पेढे आम्ही तिघांनी वाटून घेतले.

तो रेडिओ कुणाचा, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. तो आमच्या घरातला. पहिला निबंध आमोदचा, आणि तो मी लिहिला होता. आमोदने रेडिओ कधी खोलला नाही. तो मीच दुरुस्त करायला घेतला आणि माझ्याच हातून कायमचा बंद पडला. त्यावर आमोद गाणी ऐकायचा. दोन दिवस रडत होता. हे इतिवृत्तात घेतलेलं नाही.

त्या रविवारी त्याचा नेहमीप्रमाणे फोन आला. हवामान झालं, जेवण झालं. मग मी विचारलं, "आमोद, तू नेमकं काय काम करतोस रे?"

तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना? आई कुठेय? आईला द्या फोन." मी दिला. मला फार वाईट वाटलं, पण तो तिकडे गेल्यापासून नऊ वर्षांनी पहिल्यांदा विचारल्यावर मुलाने घाबरू नये तर काय करावं?

अपूर्वा रोज सकाळी स्कूटर काढून टेकडीपलीकडे जाते. परवा जिन्यात भेटली. तिच्या हातात कागदाचं पाकीट होतं, डोळे चमकत होते. "काका, आपल्या सोसायटीच्या मागच्या आंब्यावर एक सापडलंय!" म्हणाली. "अगदी लहान आहे, पण जिवंत आहे. कसं तगलं असेल सांगा बघू?"

आणि मी, माझं आयुष्य फायलींत गेलं आहे, मी तिला म्हणालो, "छान. पण मग परदेशी कधी?"

तिने पाकीट पिशवीत ठेवलं आणि खाली गेली.

आपण आम्हाला हसला असाल. हसावं. परंतु हा अहवाल वाचत असताना आपल्या मनात नक्की कोणता प्रश्न होता, हे एकदा प्रामाणिकपणे आठवून पाहावं. दगडफूल का नाहीसं होतंय, हा होता? की मुलगी शेवटी गेली कुठे, हा? पहिला असल्यास डॉ. रणपिसे यांच्याकडे जावं. त्यांना माणसं कमी पडतात. दुसरा असल्यास समितीत बाबुरावांची जागा रिकामी आहे. अर्ज माझ्याकडे मिळेल. त्यात बावीस रकाने आहेत.